भुकेलं पाणी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. ऊन असं की मांजरंसुद्धा सावली शोधतायत. बसस्टॉपवर सहा मुली उभ्या. सहाही जणींच्या डोक्यावर विणलेल्या लोकरी टोप्या, कानांपर्यंत ओढलेल्या.

*

सोलब्रिटच्या बाथटबमध्ये, नळाच्या बरोबर खाली, एक निळसर-हिरवा ओघळ आहे. दर शनिवारी ती तो व्हिनेगर लावून घासते. पुढच्या शुक्रवारपर्यंत तो परत आलेला असतो.

*

ओढ्यापलीकडे टेक्लाच्या शेतात यंदाही दगड वर आले. थंडीत जमीन गोठते, फुगते आणि खालचे दगड वर ढकलते. टेक्ला म्हणते, "बटाटा दगा देतो. हे पीक कधीच बुडालेलं नाही."

*

"तांबं ते तांबं. मी बसवलेला पाइप माझ्या नातवाच्या नातवाला पुरेल." हे माझा नवरा बोलतो. कुठल्याही जेवणात, कुठल्याही पाहुण्यासमोर.

*

आमच्या माडीवरची भाडेकरू माती खाते. म्हणजे अगदी खात नाही. चिमूटभर पुढच्या दातांत धरते, चावून बघते, थुंकते आणि वहीत काहीतरी लिहिते.

*

"नोकरीबाबत आपला निर्णय १० जूनपर्यंत कळवावा." स्वेटरच्या कारखान्याचं पत्र. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली.

*

आता नीट सांगते.

मी माय्केन. साल १९८३. स्मोलांडमधल्या युंगहुल्ट गावात ओढ्याच्या पश्चिमेला आमचं घर, आणि तळमजल्यावर माझं पार्लर. दोन खुर्च्या, एक मोठा ड्रायर, खिडकीत एक जिरेनियमची कुंडी. नवरा टोर्ग्नी, प्लंबर. गावातल्या बेचाळीस घरांत त्याच्या बापाने किंवा त्याने स्वतः पाइप टाकलेले.

एप्रिलमध्ये मी सोलब्रिटच्या पेर्निलाचे केस पर्मचं औषध लावून कुरळे केले. त्या वर्षी सगळ्यांनाच कुरळे केस हवे होते. जूनच्या आठ तारखेला तिची शाळा संपणार होती. पांढरी टोपी घालून पायऱ्यांवरून पळत खाली यायचं, खाली आई-बाप तिचा बाळपणीचा फोटो काठीला लावून उभे. त्या दिवशी केस नीट नसतील तर पुढची पन्नास वर्षं तो फोटो भिंतीवरून टोमणे मारतो. म्हणून जूनचा पहिला आठवडा म्हणजे माझी दिवाळी म्हणा. त्या एका आठवड्यावर पार्लरचं सबंध वर्ष तरतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला टोर्ग्नी सोलब्रिटकडे नळ दुरुस्त करून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "तिच्या पोरीचे केस हिरवे झालेत."

"हिरवे म्हणजे?"

"काकडी."

"सालीसारखे?"

"छे. आतल्या गरासारखे." तो विचार करून म्हणाला. "तसे वाईट दिसत नाहीत. पण हिरवे आहेत."

*

युंगहुल्टमध्ये कुणी तोंडावर काही बोलत नाही. सोलब्रिट दुकानात भेटली. हवेबद्दल बोलली. लिलॅकला यंदा लवकर कळ्या आल्या म्हणाली. मग म्हणाली, "गुरुवारी शहरात जरा काम आहे." गुरुवारी शहरातल्या पार्लरमध्ये सवलत असते, हे मला आणि तिला, दोघींनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात आणखी तिघींना शहरात काम निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात नऊ जणींना. माझ्या अपॉइंटमेंटच्या वहीत जूनचं पहिलं पान कोरं पडलं. गावात टोप्या वाढत गेल्या. ज्यांचे केस मी कुरळे केले होते त्या सगळ्या टोपीत. आणि ज्यांना मी वर्षभर हातसुद्धा लावला नव्हता, त्यांच्यातल्याही काही.

मग कारखान्याचं पत्र आलं. अर्ज मीच केला होता, एका रागाच्या दुपारी.

*

स्वयंपाकघर. संध्याकाळचे सहा. उकडलेले बटाटे, लोणच्यातली हेरिंग मासळी.

"तुझ्या त्या पर्मच्या बाटलीतच काहीतरी आहे, माय्केन."

"अकरा वर्षं तीच बाटली आहे."

"कंपनीने मसाला बदलला असेल."

"आणि तुझे पाइप? ते तांब्याचे नाहीत का? तांबं हिरवं पडतं ना? चर्चच्या तांब्याच्या छपराकडे कधी मान वर करून बघितलंस?"

"माझ्या पाइपांचं नाव घ्यायचं नाही."

"घेतलं."

"ते छप्पर तीनशे वर्षं पावसात उभं आहे! माझा पाइप आतून आरशासारखा असतो."

"आत शिरून बघितलंस वाटतं."

टोर्ग्नीने बटाटा काट्याने दाबून दाबून त्याचा लगदा केला. माडीवरची भाडेकरू, डीसा, टेबलाच्या टोकाला बसून शांतपणे जेवत होती. ती जमिनीचे नकाशे करायला आली होती. दिवसभर फावडं खांद्यावर टाकून रानात खड्डे खणायची. तिने तोंड उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि तोंडात बटाटा घातला.

*

शुक्रवारी टेक्ला आली. टेक्ला दर शुक्रवारी येते, मग जगात काहीही होवो. वय एक्याऐंशी. गाव केव्हाच एकमेकांना अरे-तुरे करायला लागलंय, पण टेक्ला अजून जुन्या पद्धतीने बोलते. समोरच्याला हाक न मारता त्याच्या धंद्याच्या नावाने, जणू तो माणूस शेजारच्या खोलीत बसलाय. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं.

"पार्लरबाई आज गप्प का आहेत?"

"काही नाही, टेक्ला."

"पार्लरबाईंनी रात्री झोप घेतली नाही वाटतं. की प्लंबरसाहेब घोरतात?"

मी तिच्या केसांना रोलर लावत होते. मार्चमध्ये मीच तिचे केस कुरळे केले होते. तीच बाटली, तेच हात. केस पांढरेशुभ्र. पांढऱ्यावर तर हिरवा सगळ्यात आधी दिसायला हवा. मी तिचं डोकं खिडकीकडे वळवलं.

"मान मोडेल," टेक्ला म्हणाली.

बर्फासारखे पांढरे. एकही केस हिरवा नाही.

"टेक्ला, केस कुठे धुतेस तू?"

"घरी. धुण्याचे पैसे पार्लरबाई वेगळे लावतात ना."

मी तिच्या टाळूचा मुका घेतला. टेक्ला म्हणाली, "पार्लरबाईंना ताप असावा."

*

मग ती खिडकी.

जिरेनियमची कुंडी खाली उतरवली. जॅमच्या रिकाम्या बरण्या लावल्या, चौदा. कोपऱ्यात कापलेल्या केसांचं पोतं होतं. ते मी फेकत नाही. हरणं भाजीच्या वाफ्यात येऊ नयेत म्हणून लोक कुंपणाला बांधायला नेतात. त्यातल्या पिवळ्या बटा काढल्या. कुणाच्या ते सांगता येत नाही. इथे सगळेच पिवळे. सगळ्या बटांना माझ्या बाटलीतलं औषध सारखंच लावलं, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. एकेका बरणीत एकेक बट.

पाणी कोण आणणार? प्लंबरला कुठलंही घर बंद नसतं.

"मी नाही," टोर्ग्नी म्हणाला. "स्वतःच्या पाइपांवर खटला भरायला मी पाणी आणू?"

"तुझे पाइप निर्दोष आहेत ना? मग आरोपीला भीती कसली?"

तो सकाळी साडेपाचला निघाला, सायकलला दुधाचा जुना क्रेट बांधून. प्रत्येक घरातलं पहाटेचं पहिलं पाणी, रात्रभर पाइपात मुक्काम केलेलं. आठ दिवस, रोज ताजं.

बरण्यांवर मी घरांची नावं चिकटवली. ही माझी सगळ्यात मोठी हुशारी, आणि ती मला सुचलेली नव्हती, नुसती सवयीने केली.

कारण युंगहुल्टचा माणूस शेजाऱ्याचे केस हिरवे झाले तर नजर वळवतो. पण स्वतःच्या विहिरीचं नाव चौकात, शेजाऱ्याच्या विहिरीच्या नावाला लागून, पाण्यात केस घेऊन उभं असेल तर? त्याला चैन पडत नाही.

दिवस दुसरा. कुणी थांबत नाही. सगळे हळू चालतात.

दिवस चौथा. सोलब्रिट कुत्र्याला फिरवायला माझ्या खिडकीवरून तीनदा गेली. कुत्रं दमलं.

दिवस सहावा. पोस्टमन काचेला नाक लावून: "आमची जरा शेवाळी वाटते का गं? की ऊन आहे?"

"ऊन नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमची शेवाळीच आहे."

"तुमची कोणती?"

"तिसरी."

"मग बोलू नका. तुमच्या तिसरीत बेडूक बसेल."

दिवस आठवा. शनिवार. खिडकीसमोर वीस-बावीस माणसं. युंगहुल्टमध्ये इतकी माणसं फक्त लग्नाला एकत्र उभी राहतात, आणि तीही मोकळी-मोकळी. पेर्निला पुढे होती. तिने एकेक बरणी बघितली. चौदांपैकी बारा हिरव्या. एक हिरवट. एक पिवळीधमक, कापली त्या दिवशी होती तशीच. चिठ्ठीवर नाव: टेक्ला.

पेर्निलाने सगळ्यांसमोर टोपी काढली. हिरवे कुरळे केस उन्हात चमकले. मग पोस्टमनच्या बायकोने तिची टोपी काढली. मग आणखी एकीने. मग सगळ्या हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून.

हसला नाही तो टोर्ग्नी. तो दारात उभा होता. बारा हिरव्या बरण्या म्हणजे त्याचे आणि त्याच्या बापाचे बारा पाइप. तो आत गेला आणि स्टुलावर बसला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझी बाटली सुटली तर ह्याचा पाइप लटकणार, आणि आम्ही दोघं एकाच घरात जेवतो.

मग तो ताडकन उठला. स्टूल पडलं.

"टेक्लाचा पाइप!" तो बाहेर येऊन ओरडला. "अरे, टेक्लाचा पाइप पण माझाच आहे! तोच कारखाना, तीच जाडी, बहात्तर साली मीच बसवला!"

"ते खरं आहे," गर्दीतून टेक्ला म्हणाली. "प्लंबरसाहेबांनी तेव्हा कॉफीबरोबर सात बिस्किटं खाल्ली होती."

बाटली तीच. पाइप तोच. पाणी वेगळं.

"हे मी तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी सांगणार होते," डीसा म्हणाली. ती फावडं घेऊन पायरीवर बसली होती. "पण तुम्ही भांडत होता. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

तीन आठवडे आमच्याच घरात राहून ती पूर्ण युंगहुल्टकर झाली होती.

*

सगळे डीसाच्या मागून निघाले. चहापाण्याचे थर्मास घेऊन, जणू सहल.

पहिला खड्डा आमच्या बाजूला, सोलब्रिटच्या विहिरीमागे. वर पाइनच्या झाडांची सुईसारखी पानं आणि काळा थर, खाली राखेसारखी पट्टी, मग गंजाच्या रंगाची माती, वाळू, लहानमोठे गोटे, सगळं एकत्र कालवलेलं. डीसाने खिशातून छोटी बाटली काढली आणि मातीवर आम्लाचे दोन थेंब टाकले.

सगळे वाकले.

"काय झालं?" पोस्टमनने विचारलं.

"काहीच नाही," डीसा म्हणाली. "तेच बघायचं होतं."

मग पुलावरून ओढ्यापलीकडे. टेक्लाच्या शेताचा बांध. तिथे खड्ड्याच्या तळची माती करडी, चिकट. दोन थेंब. आणि मातीने फस्सकन फेस काढला, सोड्याची बाटली उघडावी तसा. पेर्निला "ए!" म्हणून मागे सरली. लोकांनी परत टाकायला लावलं. मग आणखी एकदा. डीसाची अर्धी बाटली त्यातच संपली.

"आता ऐका," ती फावड्यावर रेलून म्हणाली. "पाऊस आंबट असतो. पूर्वीही थोडा होता, आता परदेशातल्या कारखान्यांच्या धुराड्यांमुळे जास्त आहे. तो मातीत उतरतो आणि दगडांना खायला लागतो. दगड झिजतात, आपल्यातलं थोडंथोडं पाण्याला देतात. मिळालं की पाणी शांत होतं. आता ही माती आली कुठून? हिमयुगातल्या बर्फाने आणली. उत्तरेचा डोंगर खरवडून, दळून, इथे ओतून बर्फ वितळून गेला. तुमच्या बाजूला ओतला तो ग्रॅनाइट. टेक्लाच्या बाजूला वरच्या मैदानातली चुनखडी. चुनखडी उदार. मागायच्या आत देते."

"आणि ग्रॅनाइट?"

डीसाने जमलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

"ग्रॅनाइट स्मोलांडचा आहे."

सबंध देशात आम्हा स्मोलांडवाल्यांच्या कंजूषपणाचे विनोद चालतात. मग टेक्ला इतकी हसली की तिला दगडावर बसवावं लागलं.

"देतो तोही," डीसा म्हणाली, "पण शंभर वर्षांत चिमूटभर. त्यामुळे तुमचं पाणी विहिरीत येतं ते उपाशीच. आणि मग त्याला रात्रभर पाइपात कोंडता. ते काय करणार? समोर असेल ते खातं."

"तांबं," टोर्ग्नी हळूच म्हणाला.

"तांबं. सकाळी ते केसांवर. आणि पर्मच्या औषधाने केस आधीच सैल झालेले असतात, म्हणून तिथे रंग पटकन धरतो. म्हणजे दोष थोडा माय्केनचा, थोडा टोर्ग्नीचा, बराचसा बर्फाचा."

"बर्फावर फिर्याद कुठे करायची?" पोस्टमनने विचारलं.

सोलब्रिट माझ्याकडे बघत नव्हती. थर्मासचं झाकण उघडून तिने पहिला कप मला दिला. युंगहुल्टमध्ये माफी अशीच मागतात. मी तो प्यायले. अशीच ती देतात.

*

उपाय डीसाने लगेच सांगितला होता, आणि लगेच सगळे गप्प झाले होते. "सकाळी नळ दोन मिनिटं मोकळा सोडा. शिळं पाणी जाऊ दे. मग वापरा."

दोन मिनिटं. नळ. मोकळा.

तेव्हा कळलं की ही अवस्था आमच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच गावाची का झाली नसती. युंगहुल्टमध्ये नळ उघडतो तो भांडं खाली ठेवल्यावर, आणि बंद होतो तो भांडं भरायच्या एक बोट आधी. पाइपातल्या शिळ्या पाण्याचा थेंबही आमच्या घरांतून कधी वाया गेला नव्हता. सगळा डोक्यावर घेतला होता.

रविवारी सकाळी मी सोलब्रिटकडे गेले. तिने नळाखाली बादली ठेवली होती. बादलीशेजारी टोप. टोपाशेजारी झाडांची झारी, कॉफीची किटली, दोन फुलदाण्या आणि कुत्र्याची वाटी. पेर्निला हातात घड्याळ घेऊन उभी.

"किती झालं?" सोलब्रिट.

"चाळीस सेकंद."

"नक्की? घड्याळ चालू आहे ना?"

"आई, सोड गं. वाहू दे."

"वाहू दे म्हणे! तुझा आजा ऐकत असता तर..."

फुलदाणी भरली. कुत्र्याची वाटी भरली. एक मिनिट पन्नासला सोलब्रिटने डोळे मिटून दहा सेकंद पाणी नुसतं जाऊ दिलं. तिच्या कपाळावर घाम होता.

दुसरा उपाय टोर्ग्नीचा. टेक्लाच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या वेचून टाकलेले चुनखडीचे दगड होते. त्याने ते फोडून बारीक केले, पिंपात भरले, आणि विहिरीचं पाणी त्यातून फिरवून पाइपात सोडलं. पाण्याला पाइपाच्या आधीच जेवायला घालायचं. पहिलं पिंप आमच्या घरी, दुसरं सोलब्रिटकडे, मग यादी. टेक्ला बांधावर खुर्ची टाकून बसायची आणि नेणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "साठ वर्षं हे दगड उचलून माझी कंबर गेली. प्लंबरसाहेबांनी जरा आधी सुचवायचं."

*

राहिले झालेले हिरवे केस.

जूनची सहा, सात तारीख. माझ्या दोन खुर्च्यांना स्वयंपाकघरातल्या चार जोडल्या. टोमॅटोची पेस्ट, दुकानातली असेल-नसेल तेवढी, आणि वर लिंबू. आधी आंबटाने तांबं सैल करायचं, मग लाल रंगाने हिरव्याला मारायचं. ओळीने बसलेल्या सहा मुली, सहाही डोकी लाल, आणि ड्रायरखालून येणारा पिझ्झाचा वास.

"माय्केन, मला भूक लागली."

"डोकं चाटू नकोस."

"माझे पूर्ण जातील का गं?"

"पूर्ण नाही. टोपीखाली खपतील."

"थोडे राहू दे," पेर्निला आरशात बघत म्हणाली. "एक बट. इथे, कानामागे."

सोलब्रिट काहीतरी म्हणणार होती. तिने मासिकाचं पान उलटलं.

जूनच्या पहिल्या पानावर जागा उरली नाही. मी समासात नावं लिहिली, मग मागच्या पानावर. टेक्लाने तिचा शुक्रवार कुणालाही द्यायला नकार दिला.

आठ तारखेला पोरं पायऱ्यांवरून पळत खाली आली. नऊ तारखेला मी फ्रिजवरचं पत्र काढलं, कारखान्याला दोन ओळी लिहिल्या, आभार मानले, येणार नाही म्हणून कळवलं. टोर्ग्नीने त्या वाचल्या नाहीत, पण पाकिटाला तिकीट त्याने चिकटवलं, आणि पाकीट टाकायला मी सायकल काढली तेव्हा चाकात हवा आधीच भरलेली होती.

*

१९६१ साली विहिरींची तपासणी झाली होती, आणि पाणी तेव्हाही असंच उपाशी होतं. तेव्हाच्या फॉर्मवर ‘पाण्याची चव’ या रकान्यात युंगहुल्टच्या बेचाळीसही घरांनी एकच शब्द लिहिला होता: चांगली.